मुलांची दाताच्या डॉक्टरची भीती आणि व्हीआर हेडसेट: कधी लावायचा, कसा लावायचा, कधी बाजूला ठेवायचा

"मॅडम, तुमच्याकडे तो व्हीआरचा चष्मा आहे ना, मग लावा आणि एकदाचा काढून टाका तो दात" असं म्हणत येणारे आईबाबा हल्ली वाढलेत. मी पेडोडॉन्टिस्ट, म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षं फक्त लहान मुलांचे दात हाच विषय शिकलेली, आणि हेडसेट मी वापरते, आवडीने वापरते, पण ते काही भुलीचं इंजेक्शन नाही की झोपेचं औषध नाही. व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, चष्म्याच्या आतल्या स्क्रीनवर मुलाला चहूबाजूंनी वेगळंच जग दिसतं. ते मुलाचं लक्ष दुसरीकडे नेतं, बस एवढंच. आता नुसतं लक्ष दुसरीकडे गेल्याने किती काम होऊन जातं ते खरंच बघण्यासारखं असतं, पण त्यासाठी हेडसेट डोक्यावर चढायच्या आधी बरंच काही करावं लागतं आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख. पालकांसाठी आहे आणि नवीन प्रॅक्टिस सुरू केलेल्या डेंटिस्ट मंडळींसाठीपण, ज्याला जे कामाचं वाटेल ते घ्या.

मुळात ही आयडिया दातांवरून आलेलीच नाही. अमेरिकेत सिएटलला, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या दोघांनी १९९० च्या दशकात भाजलेल्या पेशंटवर हे वापरायला सुरुवात केली. भाजल्यावर ड्रेसिंग बदलताना किती हाल होतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. तर त्यांनी स्नोवर्ल्ड नावाचं एक बर्फाचं जग बनवलं, त्यात पेशंट पेंग्विनना आणि बर्फाच्या बाहुल्यांना गोळे फेकून मारत बसतो आणि इकडे नर्स जखम साफ करते. २००४ मध्ये त्यांनी एमआरआय मशीनमध्ये तपासलं, तेव्हा व्हीआर चालू असताना मेंदूतल्या वेदनेशी संबंधित भागांची ॲक्टिव्हिटीच कमी झालेली दिसली. म्हणजे "लक्ष नव्हतं म्हणून कळलं नाही" हे आपण सहज बोलून जातो त्यात बऱ्यापैकी तथ्य आहे.

आता दुसरी बाजूपण सांगते. २०२० मध्ये कॉक्रेन रिव्ह्यूने (कॉक्रेन ही उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) ४ ते १८ वर्षांच्या मुलांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या, सुई टोचणं, ड्रेसिंग, दातांचं काम असं सगळं धरून, आणि निष्कर्ष काढला की पुरावा कमी खात्रीचा आहे, कुठे फायदा दिसतो कुठे दिसत नाही. माझा अनुभवही तसाच, काही मुलांना जादू केल्यासारखा चालतो आणि काहींना अजिबात चालत नाही. कोणाला चालेल ते आधी ओळखणं हीच यातली खरी कसब.

पायरी १: आधी मूल बघा, हेडसेट नंतर

डेंटल कॉलेजात आम्हाला मूल किती सहकार्य करतं ते मोजायची फ्रँकल स्केल शिकवतात, १९६२ ची आहे, चार पायऱ्या: पूर्ण विरोध, थोडा विरोध, बऱ्यापैकी सहकार्य, मनापासून सहकार्य. हेडसेटचा फायदा होतो तो मधल्या दोघांना. म्हणजे जे मूल घाबरलंय, आईचा हात सोडत नाही, पण बोललं तर ऐकतं, आ कर म्हटलं तर कसंबसं आ करतं, असं मूल. जे मूल लाथा मारतंय, खुर्चीतून उतरून दरवाजाकडे पळतंय त्याच्या डोळ्यांवर तुम्ही हेडसेट चढवलात तर त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याचे डोळे बांधलेत. आधीच भीती, वर अंधार. असं करू नका.

आणखी एक प्रकार असतो जो लोकांच्या लक्षात येत नाही. काही मुलांना सगळं बघायचंच असतं, कुठलं हत्यार घेतलं, आता काय करणार, रक्त आलं का, त्यांची भीती माहिती मिळाल्यावर कमी होते. अशा मुलाच्या हातात एक छोटा आरसा द्या आणि एकेक गोष्ट दाखवत काम करा, हेडसेटपेक्षा लाख पटीने चांगलं चालतं. ओळखायचं कसं? सोपं आहे, पहिल्या भेटीत त्याला आरसा द्या. सारखा बघत राहिला तर हे मूल बघणाऱ्यांतलं, मान फिरवली तर हेडसेटवाल्यांतलं.

वयाचं स्पष्टच सांगते. मेटा कंपनीने २०२३ मध्ये क्वेस्ट हेडसेटची वयाची अट १३ वरून १० वर आणली, तीपण पालकांच्या कंट्रोलमधल्या अकाउंटवर. सोनीचं प्लेस्टेशनवालं १२ च्या पुढे. त्यामुळे क्वेस्ट असेल तर १० च्या पुढच्या मुलांना काही प्रश्न नाही. ६ ते १० मधल्या मुलांना वापरायचं असेल तर कंपनीची अट पालकांना सांगून, त्यांची लेखी संमती घेऊन, आणि थोडाच वेळ, १५-२० मिनिटांच्या आत. सहाच्या खाली मी लावतच नाही, त्यांना छताला टीव्ही लावलाय तो पुरतो, आणि खरं सांगू का, चार वर्षांच्या मुलाला छतावरचं कार्टून आणि आईचा पायावरचा हात एवढं बास होतं.

लावायच्या आधी पालकांना हे प्रश्न विचाराच: कधी फिट आली होती का, बसमध्ये-घाटात गाडी लागते का, डोळे आलेत का किंवा डोळ्यांचं ऑपरेशन झालंय का, कान दुखतोय का, कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशनने बसवलेलं यंत्र) आहे का, सर्दी आहे का. सर्दीचं का, तर हेडसेट नाकाच्या हाडावर दाबून बसतं आणि तोंडात आमचं काम चालू, मग श्वास घ्यायचा कुठून. डोक्यात उवा आहेत का हेपण विचारा, हळूच बाजूला घेऊन विचारा.

कुठल्या कामाला चालतं

फिलिंग, दुधाच्या दाढेचं रूट कॅनल, कॅप बसवणं, हलणारा दात काढणं, क्लीनिंग, सगळ्याला चालतं, खालच्या दाढांना तर बेस्ट. वरच्या पुढच्या दातांना मात्र वैताग येतो, कारण हेडसेटचं पोट नाकाच्या वरच लोंबतं, माझा हात त्याला लागतो, ते हललं की मुलाचं चित्र हलतं. तिथे मी नाही वापरत. एक्सरे काढताना हेडसेट खाली. आणि गाल सुजलाय, ताप आहे, रात्रभर मूल झोपलं नाहीये अशी केस असेल तर आधी इन्फेक्शनचं बघा, व्हीआरची गंमत नंतर.

पायरी २: घरून येताना (हे आईबाबांसाठी)

"गप बस नाहीतर डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचायला सांगेन" हे वाक्य ज्या घरात वर्षभर चालतं त्या घरातलं मूल माझ्या दवाखान्यात पाय ठेवायच्या आधीच हरलेलं असतं. आम्हाला बागुलबुवा बनवू नका प्लीज. उलट टोकाला जाऊन "काही दुखणार नाही बरं का" असंही सांगू नका, कारण दुखणार हा शब्द तुम्ही स्वतःच त्याच्या डोक्यात घातलात, आणि पुढे थोडं जरी टोचलं तरी तुम्ही खोटं बोललात हे त्याला कळणार. एवढंच सांगा, "डॉक्टर दात मोजतील, साफ करतील, आणि काय करणार ते तुला आधी सांगतील." हेडसेटचं प्रॉमिसपण घरून देऊ नका, कारण ते लावायचं की नाही हे मूल बघून ठरतं आणि मिळालं नाही तर रडायला नवीन कारण.

सकाळची अपॉइंटमेंट घ्या, शाळा-ट्युशन करून दमलेलं मूल संध्याकाळी सहकार्य करत नाही. दीड-दोन तास आधी हलकं खाऊ घाला, अगदी उपाशीपण नको आणि घशापर्यंत जेवलेलंही नको, व्हीआरमध्ये गरगरलं तर उलटी व्हायची. (गुंगीचं औषध देऊन काम करायचं असेल तर उपाशी राहायचे नियम वेगळे, ते डॉक्टर सांगतील तसंच पाळा.) मुलींचे केस मागे उंच बांधू नका, अंबाडा नको, मोठा क्लिप नको, पट्टा बसत नाही आणि खुर्चीवर डोकं टेकल्यावर टोचतं. दोन वेण्या चालतात. नंबरचा चष्मा असेल तर घेऊन या.

पायरी ३: हेडसेट कुठलं (हे डेंटिस्टांसाठी)

स्वस्तात म्हणजे मोबाईल आत घालायचा प्लास्टिकचा बॉक्स, ऑनलाइन सहज मिळतो. सुरुवातीला प्रयोग करायला ठीक आहे, पण फोन तापतो, चित्र लॅग होतं, मध्येच कोणाचा तरी कॉल येतो. त्यामुळे बॉक्स वापरायचा असेल तर सिम नसलेला जुना फोन ठेवा, एरोप्लेन मोडवर.

क्वेस्टसारखं वेगळं हेडसेट चांगलं, पण दोन गोष्टी बघून घ्या. एक म्हणजे वजन, क्वेस्ट ३ साधारण अर्धा किलोचं आहे आणि ते सगळं पुढे येतं. बसलेलं असताना मूल मान खाली घालतं, खुर्ची आडवी केली की हा त्रास बराच कमी होतो, पण गालांवर दाब येतो, म्हणून पट्टा वरचा थोडा ओढायचा आणि बाजूचे सैल. मागे कडक प्लास्टिकचा किंवा बॅटरीवाला महाग पट्टा मिळतो तो घेऊ नका, डोकं हेडरेस्टवर टेकलं की तो पुढे ढकलतो. कंपनीने दिलेला साधा कापडी पट्टाच बरा.

दुसरं म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर. मोठ्या माणसाचं सरासरी ६३ मिलिमीटर असतं, लहान मुलांचं कितीतरी कमी, आणि क्वेस्टच्या लेन्स जवळात जवळ आणल्या तरी ५८ वर थांबतात. म्हणजे छोट्या मुलाला चित्र थोडं धूसर दिसणार आणि डोळ्यांना ताण पडणार. वेळ कमी ठेवायचं हे एक मोठं कारण. लेन्स सगळ्यात जवळच्या सेटिंगला आणा, मुलाला विचारा "अक्षरं नीट दिसतात की दोन-दोन दिसतात?" दोन दिसत असतील तर सोडून द्या, जबरदस्ती नको.

पायरी ४: दाखवायचं काय

इथे बहुतेक जण चुकीचं निवडतात. गेम आणि रोलरकोस्टर मुलांना आवडतात म्हणून तेच लावतात, मग मूल मान फिरवतं, ओरडतं, हात हलवतं आणि इकडे माझ्या हातात एअरोटर, म्हणजे दात कोरायचं मशीन, फिरतोय. त्याच्या उलट अगदीच बोअरिंग लावलं तर दोन मिनिटांत लक्ष परत दाताकडे. आपल्याला हवंय मधलं, हळू चालणारं, बघण्यासारखं, आणि मान न हलवता दिसणारं.

ब्रिटनमध्ये डेव्हनला एका डेंटल क्लिनिकमध्ये मोठ्या पेशंटवर एक छान अभ्यास झाला होता. काहींना व्हीआरमध्ये वेंबरी नावाच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरवलं, काहींना एका शहरातून फिरवलं आणि काहींचं नेहमीसारखं काम केलं. समुद्रवाल्यांना दुखणं कमी जाणवलं, शहरवाल्यांना विशेष फरक नाही. म्हणजे डोळ्यांवर काहीतरी लावलं की झालं असं नाही, आत काय दिसतंय त्याला महत्त्व आहे. ते मोठ्यांवरचं आहे हे खरं, पण मीपण फिरून फिरून पाण्याखालच्या माशांवरच येते.

मासे आवडायचं अजून एक अगदी प्रॅक्टिकल कारण आहे. मूल खुर्चीत आडवं असतं, म्हणजे त्याचे डोळे छताकडे, म्हणजे ३६० व्हिडिओत (चहूबाजूंचं दृश्य दाखवणाऱ्या) त्याला दिसणार आभाळ. जंगल सफारी लावली तर बिचारं पंधरा मिनिटं निळं आकाश आणि एखादी फांदी बघत पडणार. पाण्याखालच्या व्हिडिओत डोक्यावरूनपण मासे जातात, अंतराळाच्या व्हिडिओत सगळीकडेच तारे, म्हणून ते चालतात. हल्ली काही हेडसेटमध्ये झोपून वापरायचा मोड आलाय, तो असेल तर चालू करा, किंवा थिएटरसारख्या ॲपमध्ये पडदा ओढून छताला चिकटवा आणि त्याच्या आवडीचं कार्टून लावा, तेही उत्तम.

व्हिडिओ डाउनलोड करूनच ठेवा. वायफायवर यूट्यूब लावलं तर बरोबर सुई टोचायच्या क्षणाला जाहिरात येते, हा नियमच आहे. तीन-चार ऑप्शन ठेवा आणि निवड मुलाला करू द्या. "मासे बघायचे की चंद्रावर जायचं?" एवढ्या छोट्या निवडीनेसुद्धा मूल सैल पडतं, कारण दवाखान्यात तोवर त्याला कोणी काही विचारलेलंच नसतं.

पायरी ५: पहिली भेट बिनकामाची

पहिल्या दिवशी फक्त ओळख. टेल-शो-डू ही जुनी पद्धत, आधी सांगा, मग दाखवा, मग करा, ती हेडसेटलापण लावा. आधी हातात द्या, मग आईला घालून दाखवा, आई हात हवेत हलवून मासा पकडायला गेली की मूल हसतं आणि मग "मला, मला" सुरू. बसल्या बसल्या दोन मिनिटं लावा, मग खुर्ची आडवी करून दोन मिनिटं, आणि त्याने स्वतः काढायचं. हे महत्त्वाचं आहे, स्वतः काढता येतं हे त्याला कळलं पाहिजे. याच वेळी गरगरतं का, डोकं दुखतं का ते समजतं. दात बघून, मोजून, घरी पाठवा. घाईची केस असेल तर हेच सगळं पाच मिनिटांत उरकायचं, पण वगळायचं नाही.

पायरी ६: खुर्चीतलं सेटिंग

मुलाला बोलावायच्या आधी सगळं तयार: बॅटरी भरलेली, व्हिडिओ उघडून पॉजवर, आवाज मध्यम. बाऊंड्री (हेडसेट हालचालीची जी हद्द आखतं ती) एका जागेची, स्टेशनरी, नाहीतर मूल आडवं झालं की मध्येच वॉर्निंग झळकते. हेडसेटला पुढे कॅमेरे असतात, आमचे हात आणि खुर्चीचा लाइट सारखे त्यांच्यासमोर नाचले की चित्र सरकतं. सेटिंगमध्ये ट्रॅकिंग (कॅमेऱ्यांनी हालचाल टिपणं) बंद करायची सोय असेल तर बंद करून बघा, आणि लाइट तोंडावरच ठेवा.

आतलं चित्र एखाद्या टॅबवर कास्ट करा आणि टॅब असा ठेवा की तुम्हाला आणि सिस्टरला दिसेल. हा खर्च-मेहनत वाचवू नका. मूल काय बघतंय ते दिसत नसेल तर तुम्ही त्याच्याशी बोलणार काय? कान दोन्ही बंद करू नका, हेडफोन तर नकोच, तुमचा आवाज त्याला ऐकू आलाच पाहिजे.

आणि थांबायची खूण. एरवी आपण सांगतो हात वर कर, पण डोळे झाकलेल्या मुलाने अचानक हात वर केला तर तो सरळ ट्रेला लागतो. मी त्याच्या हातात दाबलं की चूं वाजणारं रबरी बदक देते, हात पोटावर. चूं वाजलं की मी थांबते, दर वेळी, खरंच थांबते. सुरुवातीला मुलं मुद्दाम वाजवून बघतात मॅडम थांबतात का, थांबलात की विश्वास बसतो आणि मग फारसं वाजवत नाहीत.

पायरी ७: सुई

सगळं इथेच अडतं म्हणून जरा सविस्तर. हेडसेट लावून मुलाला न सांगता गुपचूप इंजेक्शन द्यायचं, असं बरेच जण करतात. मला हे पटत नाही. एकदा चालून जाईल, पण पुढच्या वेळी ते मूल हेडसेट बघूनच रडेल, कारण त्याला कळलेलं असतं की हे घातलं की टोचतात. म्हणून आधी सांगायचं, डोळे उघडे असताना: "दाताला झोपवायचं औषध देणार आहे, आधी जेली लावेन, मग चिमटा घेतल्यासारखं वाटेल, मी पाच मोजेपर्यंत." थेट विचारलंच "सुई आहे का?" तर हो म्हणायचं. सिरिंज नाकासमोर नाचवायची काही गरज नाही, पण खोटं नाही बोलायचं.

मग हेडसेट, व्हिडिओ सुरू, दोन मिनिटं काहीच करायचं नाही, नुसतं बघू द्यायचं. हिरडी कापसाने कोरडी करा, ओल्या हिरडीवर बधिर करणारी जेली टिकत नाही, मग जेली लावून पूर्ण एक-दोन मिनिटं थांबा. टॅबवर लक्ष ठेवा. मोठं काहीतरी येऊ द्या, कासव, देवमासा. "अरे बघ बघ, कासव आलं, त्याच्या पाठीवर काय आहे?" आणि त्याच वेळी गाल बोटांत धरून हलवत हलवत सुई आत, औषध अगदी हळू, एका मिनिटाला एक एमएलपेक्षा जास्त नाही. घाईने सोडलेलं औषधच जास्त दुखतं, हेडसेट त्याला काही करू शकत नाही. दाढेखालचा ब्लॉक (खालच्या जबड्याची नस बधिर करायचं इंजेक्शन) असेल तर सिस्टरने हळूच मुलाचे हात धरायला तयार राहायचं, वरून दाबून नाही, हात मिळवल्यासारखं.

पायरी ८: काम चालू असताना

तोंड उघडं असलेल्या मुलाला "कुठला मासा आवडला?" विचारून काय उपयोग, त्याला बोलता येत नाही. बोटांनी सांगता येतील असे प्रश्न विचारा: किती पिवळे मासे? शार्क आला का, अंगठा दाखव. बाहेर जे होतंय ते आतल्या गोष्टीत मिसळायचं, एअरोटर सुरू करायच्या आधी "आता पाणबुडीचं इंजिन चालू होणार, पाणी उडणार", सक्शनला "पाणी ओढणारा पाइप". अचानक पाणी उडलं तर दचकतं, सांगून उडलं तर हसतं. आईबाबांनी पायाशी बसायचं, हात मुलाच्या पायावर, आणि बोलायचं मी एकटीनेच. तीन बाजूंनी तीन माणसं सूचना देत असली की व्हीआर असो नाहीतर काही, मूल गोंधळतं.

दर पाच-सात मिनिटांनी "बरं वाटतंय ना, अंगठा दाखव." चेहरा पांढरा पडला, घाम आला, गिळायला लागलं तर ताबडतोब हेडसेट काढा, खुर्ची उठवा, पाणी द्या. हेडसेट काढलं तरी काम थांबलंच पाहिजे असं नाही, पुष्कळ वेळा एकदा भूल चढली आणि काही दुखत नाही हे कळलं की मूल म्हणतं असंच करा.

आणि नाहीच जमलं तर? हेडसेट काढून फेकलं, रडायला लागलं, तर तिथेच थांबा. त्यापुढे लाफिंग गॅस आहे, गुंगीचं औषध आहे, चार-पाच दाढा एकदम खराब असतील आणि मूल तीन वर्षांचं असेल तर हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत काम करणं हाच शहाणपणाचा मार्ग असतो. त्यात कमीपणा काही नाही.

पायरी ९: उतरवताना आणि नंतर

हेडसेट झटकन ओढू नका. व्हिडिओ पॉज, "आता पाण्यातून वर येतोय, डोळे मिट", मग काढा, खुर्ची हळू उठवा, एक-दोन मिनिटं बसवा, नाहीतर उतरल्या उतरल्या तोल जातो. चेहऱ्यांच्या चित्रांचा तक्ता दाखवून विचारा आज कसं वाटलं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, त्याने बोट ठेवलं ते लिहून घ्या.

पालकांना सांगा की ओठ दोन-तीन तास बधिर राहणार, मूल मजा म्हणून ओठ चावतं आणि संध्याकाळी तो सुजून येतो, हे दातापेक्षा जास्त त्रासाचं. बधिरपणा जाईपर्यंत खायला नको, लक्ष ठेवा.

साफसफाई: तोंडाला लागणारा फोम काढून टाका आणि सिलिकॉनचा कव्हर घ्या, वर प्रत्येक मुलाला नवीन डिस्पोजेबल मास्क. सिलिकॉन आणि बाहेरचं प्लास्टिक डिसइन्फेक्टंट वाइपने, लेन्स फक्त कोरड्या मायक्रोफायबरने, लेन्सला स्पिरिट लावलंत तर कोटिंग गेलं. लेन्सवर ऊन पडू देऊ नका, खिडकीत ठेवलेलं हेडसेट आतल्या स्क्रीनवर जळका डाग घेऊन बसतं.

शेवटी केस पेपरवर दोन ओळी: कुठला व्हिडिओ, किती मिनिटं, सुईच्या वेळी काय झालं, गरगरलं का, बदक किती वेळा वाजलं. पुढच्या अपॉइंटमेंटला ते वाचून मगच मुलाला आत बोलवा, आणि आल्यावर आधी विचारा, "आज चष्मा हवाय की नको?" बरीच मुलं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला नको म्हणतात, मग खुशाल कपाटात ठेवा.